कालप्रवासाची श्रुतिका: नागपुरातल्या खोलीत पहिला भाग कसा करावा

कालप्रवासाच्या श्रुतिकेत नवखी मंडळी सगळ्यात आधी एका साध्या प्रश्नावर अडतात. आत्ता कोणतं साल चाललं आहे, हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं? रंगमंचावर कपडे बदलता येतात, पडद्यावर तारीख झळकवता येते. इथे फक्त कान. म्हणून पुढचं सगळं एकाच कसोटीवर घासून बघा: प्रसंग बदलला की दहा सेकंदांत, कुणीही साल न उच्चारता, श्रोत्याला काळ ओळखता आला पाहिजे.

पहिल्या प्रयत्नाचं माप असं धरा. १५ मिनिटांचा एक भाग, चार पात्रं, दोनच काळ (आजचा आणि एक भविष्यातला), पाच-सहा प्रसंग. लिहायला दोन आठवडे, रेकॉर्डिंगला एक पूर्ण दिवस, आणि संपादनाला प्रत्येक तयार मिनिटामागे किमान एक तास. तीन काळ आणि नऊ पात्रं घेऊन सुरुवात केलेले बहुतेक उपक्रम दुसऱ्या प्रसंगापाशीच बंद पडतात.

१. प्रवासाचा नियम एका कार्डावर लिहा

भूतकाळात जाऊन काही बदलता येतं का? कथेत याची तीन उत्तरं चालतात. एक, काहीच बदलत नाही. जो ढवळाढवळ करायला जातो त्याच्याच हातून घडायचं ते घडतं. दोन, बदलतं, आणि परतल्यावर आपलंच घर ओळखू येत नाही. तीन, बदल केला की काळाला नवी फांदी फुटते आणि जुनी तशीच राहते. दुसऱ्या प्रकारात एकच प्रसंग थोड्या फरकाने दोनदा ऐकवावा लागतो, आणि तो फरक नुसत्या आवाजातून पोचवणं कठीण. तिसऱ्यात एकाच नटाची दोन रूपं होतात; ती वेगळी ठेवताना अनुभवी माणसांचीही दमछाक होते.

पहिल्या भागासाठी त्याहून सोपा आणि विज्ञानाला धरून असलेला मार्ग घ्या: काळात फक्त पुढे जायचं, मागच्या काळात परतायचं नाही. हे निसर्गात खरोखर घडतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेला माणूस पृथ्वीवरच्यांपेक्षा सुमारे ०.००५ सेकंदाने तरुण राहतो. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर मोबाइलवरचा नकाशा चुकतो. वेग वाढवत नेला तर फरक फुगत जातो. प्रकाशाच्या वेगाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष गेलं तर पृथ्वीवर दहा वर्षं उलटतात. म्हणजे यानात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं काढलेला तुमचा नायक आजच्या नागपुरातून निघून २३०० साली परतू शकतो, आणि हिशेब कुणी तपासला तरी चुकत नाही.

जागेवर उभ्या असलेल्या यंत्रातून प्रवास दाखवणार असाल तर एक प्रश्न श्रोता हमखास विचारतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. यंत्र काळात एक मिनिट पुढे गेलं आणि अवकाशात जागेवर राहिलं, तर पृथ्वी तोवर १८०० किलोमीटर पुढे निघून गेलेली असेल. यावर लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. यंत्र एखाद्या ठिकाणाला बांधलेलं आहे एवढं एका वाक्यात सांगा आणि ते ठिकाण पक्कं करा. नागपूरकरांसाठी झिरो माईलचा खांब यासाठी तयारच उभा आहे: इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा दगड, शेजारी चार घोडे, आणि अंगावर मैलांत कोरलेली अंतरं. तो तीनशे वर्षांनी उभा असेल का, हाच एक प्रसंग होऊ शकतो.

नियम कार्डावर तीन ओळींत बसला नाही तर तो अजून ठरलेला नाही.

२. किती पुढे जायचं ते ठरवा

‘दूरचं भविष्य’ म्हणून चालत नाही, आकडा हवा. कारण आकड्यावर आवाज ठरतो. ५० वर्षांनी आजची मुलं म्हातारी झालेली असतील, त्यांच्या तोंडी आजचेच शब्द असतील. ३०० वर्षांनी भाषा सरकलेली असेल, पण कळेल. १२,००० वर्षांनी पृथ्वीचा अक्ष कलून आजच्या ध्रुवाऐवजी उत्तरेचा तारा म्हणून अभिजित दिसू लागेल. १० लाख वर्षांनी भारताचा भूभाग, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या आजच्या वेगाने, ५० किलोमीटर ईशान्येकडे सरकलेला असेल. साधारण नागपूर ते रामटेक एवढं अंतर. तेव्हा माणूस असेल का आणि बोलत असेल का, हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि पहिल्याच भागात ते ओझं घेऊ नका. २०० ते ३०० वर्षांची उडी सगळ्यात फलदायी. सगळं बदललेलं असतं, तरी आजी-नातीचं भांडण समजतं.

फार लांबचा काळ हवाच असेल तर एक खरी गोष्ट हाताशी ठेवा. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, त्यात मराठी आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर १ दुसऱ्या एका ताऱ्यापासून पावणेदोन प्रकाशवर्षांच्या आत पोचेल. मराठीचा सगळ्यात दूर गेलेला आवाज रेकॉर्ड केलेला आवाजच आहे. श्रुतिकेसाठी याहून चांगलं बीज शोधून सापडणार नाही.

माणसाचं भविष्य मांडताना बदल तीनच निवडा: एक हवेतला, एक भाषेतला, एक नात्यातला. सगळं जग बदलून दाखवायला गेलात की पात्रं भाषणं देऊ लागतात. एक सराव सुचवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबत (पीडा घेऊन जाणारी बाईच्या रूपातली मूर्ती) आणि तिच्याबरोबरचे बडगे (पुरुषाच्या रूपातले पुतळे) घ्या. ही मिरवणूक १८८०च्या दशकापासून चालत आली आहे, आणि बडगे दरवर्षी त्या-त्या वर्षाच्या पीडेवर निघतात. आता २३०० सालची मारबत लिहा. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी तीच ठेवा. बडग्या कशाचा असेल तेवढंच ठरवा. त्या एका उत्तरात तुमचं भविष्य येऊन बसतं, आणि आरोळी ऐकताच ठिकाण नागपूर आहे हे कुणाला सांगावंही लागत नाही.

३. भाषा: इथे वेळ घाला

तीनशे वर्षांनी मराठी कशी असेल, याचा अंदाज मागे वळून घेता येतो. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी विदर्भातल्याच रिद्धपूरला लिहिलं. आजचा वाचक ते वाचून आशय पकडतो, पण तसं बोलू शकत नाही. सातशे वर्षांत एवढी पडझड झाली असेल तर तीनशे वर्षांत निम्म्याहून कमी. म्हणून नव्या शब्दांचा पाऊस पाडू नका. तीन गोष्टी बदला आणि शेवटपर्यंत पाळा: एक क्रियापदाची घडण, तीन-चार नवी नामं, आणि एक हरवलेली गोष्ट, जिचं नाव भविष्यातल्या पात्राला माहीतच नाही.

क्रियापदासाठी आपल्याकडे उत्तम सामग्री आहे. ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिली’ ही नागपुरी घडण आज घरात आणि चौकात चालते. २३०० साली तीच सरकारी भाषा झाली आहे असं धरा. फलाटावरची उद्घोषणा ऐकू येते, ‘गाडी फलाट क्रमांक दोनवर येऊन राहिली आहे.’ आवाज गंभीर, सूर अगदी औपचारिक. एका वाक्यात काळ सरकला, ठिकाण कळलं आणि भविष्यात कुणाच्या बोलीला मान मिळाला तेही कळलं.

मराठीत कालप्रवासासाठी काही सापळे आहेत. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा भेटलो’ की ‘परवा भेटू’ हे क्रियापदापर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही. नागपुरात हिंदीतला ‘कल’ही दिवसभर कानावर असतो, आणि तोही दुहेरी. प्रवासी पात्राच्या तोंडी ‘परवा’ घालून वाक्य अर्धवट तोडलं तर आख्खा प्रसंग त्यावर उभा राहतो. चुकून वापरलात तर मात्र श्रोता गोंधळतो. संहिता पूर्ण झाल्यावर काल, उद्या, परवा, आधी, नंतर हे पाच शब्द शोधून प्रत्येक जागा तपासा.

यंत्र बोलणार असेल तर ते तो, ती की ते, हे पहिल्या पानावर ठरवा. मराठीत क्रियापद लपू देत नाही. ‘मी पोचलो’, ‘मी पोचले’ यांतलं एक निवडावंच लागतं. ते माणसांना ‘तू’ म्हणतं, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हेही ठरवा. मध्येच ‘आपण’वरून ‘तू’वर आलेलं यंत्र अंगावर काटा आणतं, पण ते एकदाच करता येतं.

संहितेत आकडे अक्षरी लिहा. ‘२०७९’ असं लिहिलं की चार नटांचे चार उच्चार होतात आणि ‘एकोणऐंशी’पाशी किमान एक जण अडखळतो.

४. संहिता लिहिताना

नाट्यमय बोलण्यात मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बसतात, ध्वनीसाठीच्या जागा धरून. १५ मिनिटांना १७०० शब्द पुरे. २५०० लिहिलेत तर नट धावतील आणि शांततेला जागा उरणार नाही.

नवख्या संहितेत हमखास दिसणारं वाक्य असं असतं: ‘अरे बापरे, आपण तर इसवी सन तेवीसशेमध्ये आलो! हा तर आपला झिरो माईल, पण किती उजाड!’ पात्र श्रोत्याला उद्देशून बोलतं आहे हे लगेच उघडं पडतं. हाच क्षण असा लिहिता येतो:

(उघड्यावरचा वारा. दूर पंपाचा एका लयीतला ठोका. मुरमावर दोघांची पावलं. एकाची थांबतात.)
वामन: (दम लागलेला) थांब ना, बाई. हे घोडे कुठी गेले?
मीरा: कोणते घोडे, आबा?
वामन: चार होते. (दगडावरून तळवा फिरल्याचा आवाज) हे पाह्य, अक्षरं हायेत अजून. हैदराबाद... तीनशे अठरा.
मीरा: हैदराबाद म्हणजे?
(पंपाचा ठोका थांबतो. फक्त वारा.)
मीरा: (हळू) आबा, खाली चला. हवा बंद झाली.

साल कुणी सांगितलं नाही. पण घोडे गेले, खांब राहिला, हैदराबाद हा शब्द मुलीला ठाऊक नाही, आणि वर राहण्याची मुदत पंपावर चालते. पंपाचा ठोका प्रसंगाच्या पहिल्या सेकंदापासून आहे, म्हणून तो थांबला की कान टवकारतात. कालप्रवासात बंद होणारा आवाज सुरू होणाऱ्या आवाजापेक्षा जास्त काम करतो.

प्रत्येक ध्वनी कंसात, वेगळ्या ओळीवर, क्रमांक घालून लिहा: ध्वनी १, ध्वनी २. संपादनाच्या वेळी हीच यादी कामाला येते. पात्रांची नावं वेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवा. मीरा आणि मीनल एका श्रुतिकेत नकोत. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त आवाज नकोत. निवेदक शक्यतो टाळा.

५. नट

निवड डोळे मिटून करा, शब्दशः. चौघांना एकेक परिच्छेद वाचायला लावा, रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. दोन आवाजांत गफलत होत असेल तर त्यातला एक बदला. अभिनय कितीही चांगला असला तरी.

आपल्याकडे झाडीपट्टीच्या रंगभूमीवर किंवा राज्य नाट्य स्पर्धेत तयार झालेले कसदार नट सहज भेटतात. त्यांची सवय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची. माइकसमोर तोच आवाज फाटतो आणि भाव खोटा वाटतो. त्यांना ‘हळू बोला’ म्हणू नका, त्यामुळे जोरच जातो. समोर दोन हातांवर एक माणूस बसवा आणि ‘यांच्याशी बोला’ म्हणा. आवाज आपोआप जागेवर येतो.

भविष्यातल्या माणसाचा आवाज यांत्रिक करण्याचा मोह आवरा. तीनशे वर्षांनीही घसा मांसाचाच असेल. त्याऐवजी लय बदला: पाण्याची, हवेची टंचाई असलेल्या जगातली माणसं छोट्या वाक्यांत बोलतात आणि श्वास जपून घेतात.

६. खोली

महागडा माइक वाईट खोलीत वाईटच वाजतो. खोलीत उभं राहून एकदा टाळी वाजवा. मागे ‘टणण्’ असा शेपटा ऐकू आला तर उघड्या भिंती, फरशी किंवा लोखंडी कपाट बोलतं आहे. कपाटात कपडे कोंबा, दारं किंचित उघडी ठेवा आणि त्यावर चादर टाका. मग दोन गाद्या काटकोनात उभ्या करा, दोरीवर जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. गोधडी माइकच्या मागे टांगतात आणि नटाची पाठ उघडी ठेवतात. माइकचं तोंड नटाकडे असतं, म्हणजे त्याला नटाच्या पाठीमागची भिंत सरळ ऐकू येते. सगळ्यात जाड गोधडी नटाच्या पाठीमागे, हातभर अंतरावर हवी. दुसरी माइकच्या मागे.

नागपूरचा खरा शत्रू कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलर बंद केला की वीस मिनिटांत नटाला घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं, जीभ चिकटल्याचे बारीक चटके माइकमध्ये येतात. कूलर चालू ठेवून नंतर सॉफ्टवेअरने घरघर काढू, असं म्हणाल तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तो परत दुरुस्त होत नाही. उपाय एकच: पहाटे साडेचार ते सात. रात्रभर खोली गार करून घ्या, साडेचारला कूलर आणि पंखा बंद करा, २० मिनिटांचे तुकडे पाडा, मधे १० मिनिटं पुन्हा सुरू करा. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. फक्त सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीजवळ खोली असेल तर डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन टाळा, मोर्चे आणि सायरन दिवसभर चालतात. सोनेगाव-खामल्याच्या बाजूला विमानं, अजनीत रेल्वे, आणि टिनाच्या छताखाली पावसाळा. आपली वस्ती आपण ऐकून ठेवलेली बरी.

फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद करा. फ्रिज परत सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण शिरण्याची शक्यता असते.

७. माइक आणि मापं

गाद्यांच्या खोलीत डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर जास्त नाजूक ऐकतो, त्याला इंटरफेसमधून (माइक आणि लॅपटॉप जोडणाऱ्या पेटीतून) ४८ व्होल्ट लागतात, आणि तो शेजारच्यांचा मिक्सरही टिपतो. काहीच नसेल तर मोबाइल चालतो, पण वीतभर अंतरावर, स्टँडवर, विमान मोडमध्ये.

तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटर, आणि माइक सरळ ओठांसमोर न ठेवता थोडा बाजूला, तिरका. मराठीत फ, भ, ख, ठ, छ असे महाप्राण भरपूर. ‘भविष्य’ म्हणताना निघणारा हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळून ‘धप्प’ असा आवाज येतो. भरतकामाच्या रिंगणात जुना नायलॉन मोजा ताणून बसवा आणि माइकपुढे चार बोटांवर ठेवा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते, म्हणजे तासाला जवळपास ५२० एमबी. सगळ्यात मोठी किंकाळी उणे ६ डेसिबलच्या खाली राहावी, साधं बोलणं उणे १८ ते उणे १२ च्या दरम्यान. शून्याला टेकलेला आवाज फाटला तो फाटलाच. नट तालमीत हळू ओरडतात आणि टेकमध्ये जोरात, हे धरूनच पातळी लावा.

सुरुवातीला सगळ्यांना गप्प करून ६० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात खोकला कापला की तिथे हीच भरायची. कोरी शांतता भरली तर भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

८. काळ घडवणारे आवाज

प्रत्येक काळाला तीन थर द्या: एक पार्श्वभूमी, एक खूण-आवाज, एक खोली (त्या जागेचा घुमार). आजच्या नागपूरसाठी कूलरची घरघर (ही मुद्दाम, वेगळी रेकॉर्ड केलेली), ई-रिक्षाची बारीक शीळ, मेट्रोची उद्घोषणा. उद्घोषणा स्थानकावरून उचलू नका. आपल्याच शब्दांत, आपल्या नटाकडून करून घ्या. जुन्या काळात कधी उतरायचं झालं तर टांगा, वाफेच्या इंजिनाची शिट्टी, पहाटेचा गिरणीचा भोंगा. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, त्याआधी तो भोंगा नको. भविष्यासाठी आधी काढून टाका: वाहनं नाहीत, कुत्री नाहीत, कावळे नाहीत. मग एकच नवा आवाज घाला.

प्रवासाचा आवाज इंटरनेटवरून तयार घेतला तर तो शंभर ठिकाणी ऐकलेला निघतो. स्वयंपाकघरात जा. पितळेची किंवा स्टीलची मोठी परात घ्या, तिच्यात अर्धा लिटर पाणी घाला आणि ती पाच बोटांच्या टोकांवर तोला. तळवा लागला की नाद मरतो. लाटण्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळा आणि काठावर एकच ठोका द्या. नाद सुरू होताच परात हळूच कलती करा. पाणी एका बाजूला सरकतं आणि सूर वाकतो, खाली जातो, डुलतो, परत वर येतो. माइक काठापासून वीत-दीड वीत वर, बाजूला, पाणी उडणार नाही असा. हे ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, कारण पुढे ते अर्ध्या वेगाने वाजवायचं आहे: सूर एक सप्तक खाली उतरतो, लांबी दुप्पट होते. ४८ वर घेतलं असतं तर अर्ध्या वेगात १२ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरलं नसतं आणि आवाज गोणपाटातून आल्यासारखा बसका झाला असता. आता तोच तुकडा उलटा करून मूळ तुकड्याच्या आधी जोडा. आधी काही तरी ओढलं जातं, मग ठोका, मग वाकत जाणारा नाद. लांबी सहा सेकंदांच्या आत ठेवा, आणि प्रत्येक प्रवासाला हाच वापरा. तिसऱ्या वेळी नुसता उलटा भाग ऐकवला तरी श्रोत्याला कळतं.

यानाची धातूची खोली हवी असेल तर धान्याची रिकामी कोठी काढा. स्वच्छ रेकॉर्ड केलेला संवाद छोट्या स्पीकरवर कोठीच्या आत वाजवा, तोंडाशी मोबाइल धरून पुन्हा रेकॉर्ड करा, आणि मूळ आवाजाखाली एक-चतुर्थांश मिसळा.

पावसाला सुपात मसूर फिरवा. आगीला वेफर्सचं रिकामं पाकीट कानाजवळ चुरगाळा. चंद्राच्या धुळीवरची पावलं म्हणून कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून दाबा, पण चंद्रावर हवा नाही, म्हणून तो आवाज सूटच्या आतून, बसका आणि श्वासाबरोबरच यायला हवा. मंगळावर हवा आहे, अतिशय विरळ. २०२१ पासून पर्सिव्हियरन्स यानाच्या माइकने तिथले आवाज टिपले आहेत. तिथे आवाज सेकंदाला सुमारे २४० मीटर जातो, आपल्याकडे ३४० च्या आसपास, आणि तिथे उंच सूर लवकर विरतात. मंगळावरचा प्रसंग असेल तर वरच्या पट्ट्या कापा आणि पातळी बरीच उतरवा.

९. रेकॉर्डिंगचा दिवस

प्रसंगांच्या क्रमाने जाऊ नका. एका काळाचे सगळे प्रसंग सलग घ्या, म्हणजे सूर टिकतो. प्रत्येक टेकआधी प्रसंग आणि टेक क्रमांक तोंडाने बोला. प्रत्येक प्रसंगाचे तीन टेक: एक सरळ, एक हळू, एक नटाच्या मनाचा. तिसरा बऱ्याचदा कामी येतो. शेवटी प्रत्येकाकडून नुसते श्वास, हुंकार आणि ‘हं’ घ्या. पुरेसं कोमट पाणी ठेवा. कागद कुरकुरतो, म्हणून पान सुटं ठेवून उचलून बाजूला ठेवायचं, उलटायचं नाही.

घरी जाण्याआधी फाइल्स दोन जागी उतरवा.

१०. जोडणी आणि मिक्सिंग

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरतं. आधी फक्त संवाद जोडा, एकही ध्वनी न घालता, आणि १५ मिनिटं ऐका. इथे कंटाळा येत असेल तर ध्वनी वाचवणार नाहीत, संहिता कापा.

मग संवादातून ८० हर्ट्झच्या खालचं काढा, पार्श्वभूमी संवादाच्या १५ ते २० डेसिबल खाली बसवा, आणि काळ बदलताना पार्श्वभूमी संवादाच्या दोन सेकंद आधी बदला. कान आधी पोचतो, पात्र मागून येतं. संगीत कमीत कमी, आणि स्वतःचं किंवा वापरायला स्पष्ट परवानगी असलेलं. चित्रपटगीताची दोन सेकंदंही नकोत.

शेवटी एकूण आवाजाची पातळी स्टिरिओसाठी उणे १६ आणि मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप), सर्वोच्च टोक उणे १ डेसिबल. १२८ केबीपीएसची एमपीथ्री काढली की १५ मिनिटांना सुमारे १४ एमबी होतात, व्हॉट्सॅपवर सहज जातात.

चांगल्या हेडफोनवर ऐकून समाधान मानू नका. मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू असलेल्या खोलीत ऐका. श्रोता तसाच ऐकणार आहे. परातीचा खालचा सूर तिथे गायब झाला असेल तर मूळ वेगाचा तुकडा थोडा मिसळा.

मग संहिता न वाचलेल्या तिघांना बोलवा. एक किशोरवयीन, एक पन्नाशीचा, एक आजी किंवा आजोबा. प्रत्येक प्रसंगाच्या दहाव्या सेकंदाला थांबवा आणि एवढंच विचारा: आपण कुठे आहोत, आजच्यात की पुढे? तिघांपैकी दोघे चुकले तर तो प्रसंग परत उघडा. आधी पार्श्वभूमी तपासा, ती दोन्ही काळांत सारखी झाली असेल. ती बरोबर असेल तर खूण-आवाज उशिरा आला असेल, तो पहिल्या तीन सेकंदांत आणा. तोही जागेवर असेल तर दोष भाषेत आहे: भविष्यातलं पात्र पहिल्या वाक्यात आजच्यासारखंच बोलतं आहे. त्या नटाला पुन्हा पहाटे बोलवा आणि तेवढं एक वाक्य घ्या.